‘साओको’ आणि बदलण्याची मुभा

मध्यंतरी एका लेखात मी रेगेटॉन या संगीतप्रकाराचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एका जुन्या वाचकांनी कळवलं, ‘तुमच्याकडून समाजाच्या प्रश्नांवर वाचायची सवय आहे, ही परदेशी गाणीबिणी दुसरे लिहितील.’ लिहिणारे सज्जन आहेत. माझे लेख आवर्जून वाचतात, चुका दाखवतात, मनात काही वाकडं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आज एका स्पॅनिश गाण्यावरच लिहितो आहे, आणि या वेळी ओझरतं नाही. (मौसिकी हलाल की हराम हा वाद इथे नको. तो करायला माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत आणि ती कित्येक शतकं तो करत आली आहेत.)

गाण्याचं नाव ‘साओको’, गायिका रोसालिया. मी ते पहिल्यांदा ऐकलं चांदरातीला, भाचीच्या फोनवर. शीरखुर्म्यासाठी बदाम-पिस्ते चिरत बसलो होतो. गाणं सुरू झालं आणि असा खरखराट उठला की मला वाटलं फोनचा स्पीकर फाटला. अम्मीने आतून विचारलं, ‘मिक्सर बिघडला का गं?’ भाची म्हणाली, ‘मामू, ते मुद्दाम तसं केलंय. पुढे ऐका.’ पुढे ऐकलं. मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये रेटावी तसा बास, त्यावर कोरडे ड्रम, आणि बाईचा आवाज गाण्यापेक्षा हुकूम सोडल्यासारखा. आता हे असंच चालणार असं वाटत असताना अर्ध्यावर ठेका एकदम थांबतो आणि कुठून तरी जॅझचा पियानो घुसतो. ड्रम सैरावैरा धावतात. जणू शेजारच्या खोलीचं दार चुकून उघडलं. काही सेकंदांत दार बंद, पुन्हा तोच बास. सव्वादोन मिनिटांत सगळं संपलंसुद्धा. बदाम चिरून व्हायचे होते.

हे गाणं ४ फेब्रुवारी २०२२ रोजी आलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘मोतोमामी’ या अल्बमची सुरुवात त्यानेच होते. गाण्यात रोसालिया काय म्हणते? थोडक्यात एवढंच, की मी बदलत राहते. मी स्वतःच्याच विरुद्ध जाते, मी फुलपाखरू होते, ड्रॅग क्वीनचा मेकअप होते, मी सगळं काही आहे. तीच तीच यादी, वेगवेगळ्या रूपांची. कथा नाही, प्रेम नाही, विरह नाही. पहिल्यांदा अर्थ वाचला तेव्हा मला ती नुसती बढाई वाटली होती. मग हळूहळू लक्षात आलं की गाण्याच्या प्रत्येक थरात हाच विषय आहे. कोण बदलू शकतं, आणि कुणाला बदलू दिलं जातं.

नावापासूनच बघा. ‘साओको’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या स्पॅनिशमधला. क्यूबात नारळपाणी आणि रम यांच्या पेयाला साओको म्हणतात. पोर्तो रिकोत एखाद्याच्या चालण्याबोलण्यात, नाचण्यात जी लय असते, जो ठसका असतो, त्यालाही साओको म्हणतात. आणि २००४ मध्ये पोर्तो रिकोच्याच विसिन आणि डॅडी यांकी यांचं याच नावाचं गाणं आलं होतं. रोसालियाने त्यातली आरोळी उचलली आणि स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलून नाव तेच ठेवलं. जुन्या रेगेटॉनला वाहिलेली ही मानवंदना आहे असं तिने उघडपणे सांगितलं. गीतकारांच्या यादीत त्या दोघांची नावं आहेत. म्हणजे उचललं, पण उचलल्याची पावती दारावरच लावली.

आता ठेक्याकडे येऊ. टेबलावर बोटांनी वाजवून बघा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. खाली ड्रमचा सरळ ठोका आणि वर ही तीन-तीन-दोनची तिरकी चाल. रेगेटॉनचा सगळा डोलारा यावर उभा आहे. या ठेक्याला ‘डेम्बो’ म्हणतात आणि त्याचा जन्म पोर्तो रिकोत झालेला नाही. १९८९ मध्ये जमैकात स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने ‘फिश मार्केट’ नावाचा एक ताल बनवला. त्यावर शाबा रँक्सने १९९० च्या सुमारास ‘डेम बो’ हे गाणं म्हटलं. पनामा कालव्याच्या कामावर जमैका-बार्बाडोसहून मजूर नेले गेले होते. त्यांच्या वंशजांची मोठी वस्ती पनामात आहे. तिथल्या एल हेनेराल आणि नांदो बूम या गायकांनी त्या गाण्याच्या स्पॅनिश आवृत्त्या केल्या. तिथून आणि न्यूयॉर्कमधून तो ठेका सॅन ह्वानच्या पोरांच्या हातात पडला.

‘डेम बो’चा अर्थ ‘ते झुकतात’. झुकणाऱ्यांची खिल्ली उडवणारं गाणं. वसाहतवाल्यांपुढे झुकणारे त्यात आहेत, आणि समलैंगिक माणसंही त्याच रांगेत उभी करून हिणवलेली आहेत. ज्या तालावर ती शिवी दिली गेली, त्याच तालाच्या वंशजावर तीसेक वर्षांनी एक बाई म्हणते की मी ड्रॅग क्वीनचा मेकअप आहे. रोसालियाने हे ठरवून केलं असेल की नाही, कुणास ठाऊक. पण ठेका स्वतः किती बदलला आहे याचा याहून चांगला पुरावा मला सापडला नाही. गाणी आपल्या बापाचं सगळंच ऐकत नाहीत.

पण ठेक्याला जी मुभा मिळाली ती माणसांना मिळाली का? नव्वदच्या दशकात पोर्तो रिकोत या संगीताला ‘अंडरग्राउंड’ म्हणत. सरकारी गृहवसाहतींमधली, बहुतेक काळीसावळी, गरीब पोरं घरगुती यंत्रांवर कॅसेट बनवायची. १९९३ मध्ये तिथल्या सरकारने गुन्हेगारीविरुद्ध ‘मानो दुरा’, म्हणजे कठोर हात, नावाची मोहीम सुरू केली आणि याच वसाहतींमध्ये पोलिसांबरोबर नॅशनल गार्डचे सैनिक घुसवले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सॅन ह्वानमधल्या सहा दुकानांवर धाडी घालून अश्लीलतेच्या नावाखाली कॅसेट आणि सीडी जप्त केल्या. २००२ मध्ये वेल्दा गोन्सालेस या सिनेटरबाईंनी रेगेटॉनच्या व्हिडिओंविरुद्ध सुनावण्या घेतल्या. आणि मग २००४ मध्ये ‘गॅसोलिना’ जगभर वाजलं. पैसा दिसायला लागल्यावर अश्लीलतेचा विषय मागे पडला.

अश्लीलतेबद्दल माझी बाजू सांगून टाकतो, नाहीतर कुणी म्हणेल सोयीस्कर टाळलं. त्या काळातल्या अनेक गाण्यांमध्ये बाई म्हणजे नाचतं शरीर, एवढंच. ती गाणी भाचीसोबत बसून ऐकायला मला आजही संकोच वाटेल. वेल्दाबाईंच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण कॅसेट जप्त झाल्या त्या गरिबांच्या वसाहतीतल्या पोरांच्या. तशाच आशयाचं काही परदेशी, गोऱ्या वेष्टनातून आलं की कपाटात मानाने उभं राहतं, त्याला कुणी धाड घालत नाही. ‘साओको’च्या व्हिडिओत बायकांची टोळी मोटरसायकली उधळत शहरभर फिरते. चालवणाऱ्या त्याच, मागे बसलेलं कुणी नाही. रेगेटॉनमधल्या बाईची जागा इतकी बदललेली बघून बरं वाटलं. हा व्हिडिओ कीवमध्ये चित्रित झाला आहे. गाणं आलं आणि वीस दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, त्या शहरावर रशियाचे हल्ले सुरू झाले. आता तो व्हिडिओ बघताना नजर गायिकेवर राहत नाही, मागच्या रिकाम्या रस्त्यांवर जाते.

रोसालिया स्वतः कोण? १९९२ चा जन्म, बार्सिलोनाच्या परिसरात वाढलेली, कॅटलान. ना पोर्तो रिकोची, ना अंदालुसियाची. तिने फ्लामेंको संगीत विद्यालयात रीतसर शिकलं आणि पदवीच्या प्रकल्पातून ‘एल माल केरेर’ हा अल्बम उभा केला. तेराव्या शतकातल्या एका ऑक्सितान प्रेमकथेवर बेतलेला. २०१८ मध्ये तो आला आणि ती एकदम जगभर पोहोचली. तेव्हाच पहिला वाद पेटला. फ्लामेंको घडवण्यात स्पेनमधल्या जिप्सींचा, म्हणजे हितानो लोकांचा, फार मोठा वाटा आहे. हितानो कार्यकर्त्यांचं म्हणणं असं की ही बाहेरची मुलगी आमचे उच्चार, आमचे शब्द, आमचे दागिने अंगावर घेते आणि तिची वाहवा होते. आम्ही तेच जन्मभर अंगावर वागवतो तर दुकानात शिरल्याबरोबर रखवालदार मागे लागतो.

हितानोंबद्दल मराठी वाचकाला थोडं जवळचं वाटायला हरकत नाही. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले. पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोहोचले. युरोपभरच्या त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान. स्पेनमधल्या कालो बोलीत सुरीला चुरी म्हणतात. १४९९ मध्ये, म्हणजे ग्रानादा पडल्यावर सात वर्षांत, तिथल्या राज्यकर्त्यांनी त्यांच्याविरुद्ध पहिला हुकूम काढला. एका जागी स्थायिक व्हा, मालक शोधा, नाहीतर देश सोडा. पुढे १७४९ मध्ये एका ठरलेल्या दिवशी देशभर हजारो हितानो स्त्रीपुरुषांना पकडून बंदिवासात टाकलं. त्या समाजाच्या गळ्यातून आलेल्या गाण्याला आज स्पेन आपली ओळख म्हणून मिरवतं.

इथे आपल्या लोकांना थोडा चिमटा काढायचा आहे. फ्लामेंकोचा विषय निघाला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. फ्लामेंको हा अरबी शब्द आहे, ‘फल्लाह’पासून आला, म्हणजे ते सगळं मुळात आपलंच. ही व्युत्पत्ती अंदालुसियाचे नेते ब्लास इन्फान्ते यांनी मांडली होती. मोठा माणूस, १९३६ मध्ये फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्यांना गोळ्या घातल्या. पण व्युत्पत्ती सिद्ध झालेली नाही. ‘ओले’ हा ‘अल्लाह’वरून आला हेही तसंच. ‘ओखाला’ हा, ‘तसं होवो’ या अर्थाचा शब्द मात्र खरोखर अरबीतून आलेला आहे, त्यावर समाधान मानावं. आठ शतकांच्या सहवासाच्या खुणा त्या संगीतात असणारच. पण खूण असणं वेगळं आणि मालकी असणं वेगळं. ज्यांनी पाच शतकं मार खाऊन ते गाणं जिवंत ठेवलं त्यांच्या हातून ते काढून आपल्या नावावर करायला निघालो, तर रोसालियावर आक्षेप घ्यायला आपल्याला तोंड उरत नाही. आणि गंमत बघा. २०२५ मध्ये ‘लक्स’ या अल्बममध्ये ती अनेक भाषांत गायली, त्यात अरबीही. एका गाण्याचं नाव ‘ला युगुलार’, म्हणजे मानेतली शहरग. सूरह काफ वाचलेल्या माणसाला त्या नावात काय ऐकू येईल हे सांगायला नको. झालं, तेच गट आता आनंदले. कालपर्यंत परकी होती, आता आपली.

माझं मत विचाराल तर दुसऱ्याचं संगीत गाण्यात चोरी नाही. चोरी मानली तर जमैकाचा ताल घेणारं पोर्तो रिको चोर, आणि मग शोधत मागे जात राहिलं तर निर्दोष कुणीच उरत नाही. ‘साओको’ तर सरळ मार्गाने केलेलं काम आहे. जुनं गाणं घेऊन ते मोडलं, त्यात जॅझ घातलं, आणि आधीच्यांची नावं लिहिली. रेगेटॉनला ‘एकच ठेका, दहा गाणी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना या एका गाण्यात उत्तर आहे. मला ते आवडतं. चालायला जाताना रोज ऐकतो.

खुपतं ते वेगळंच. सप्टेंबर २०१९ मध्ये लॅटिन ग्रॅमीच्या मुख्य विभागांत रेगेटॉनला जागाच नाही म्हणून डॅडी यांकी, जे बाल्विन, मालुमा यांनी जाहीर निषेध केला. रेगेटॉनशिवाय लॅटिन ग्रॅमी नाही, अशी त्यांची घोषणा होती. त्याच समारंभात वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला ‘एल माल केरेर’. तो रेगेटॉनचा नाही, हे खरं. पण शहरी संगीताच्या विभागातलं सर्वोत्कृष्ट गाणंही रोसालियाचंच ठरलं, जे बाल्विनबरोबरचं. २०२२ मध्ये ‘मोतोमामी’ सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला तेव्हा समोर पोर्तो रिकोच्या बॅड बनीचा ‘उन वेरानो सिन ती’ होता. त्या वर्षी जगाने कुठला अल्बम जास्त ऐकला हे कुणालाही विचारा. ‘मोतोमामी’ची लायकी नव्हती असं मी अजिबात म्हणत नाही. उलट माझ्या मते तो जास्त धाडसी आहे. पण धाडस करायची मोकळीक कुणाला जन्मतः मिळते, हा प्रश्न राहतोच. रोसालिया रेगेटॉनमध्ये जॅझ घालते तेव्हा तो प्रयोग ठरतो. सॅन ह्वानच्या वसाहतीतल्या पोराने सोळाव्या वर्षी ताल तोडून जोडला तेव्हा ती गोंगाट करणारी कॅसेट होती आणि तिच्यावर धाड पडली. रोसालिया फ्लामेंको सोडून रेगेटॉनकडे गेली तर ती वाढली. हितानो गायकाने फ्लामेंको सोडला तर तो आपल्या परंपरेपासून तुटला. एकीने सगळं व्हायचं, दुसऱ्यांनी अस्सल राहायचं.

अस्सल राहण्याचं हे काम माझ्या ओळखीचं आहे. एका दिवाळी अंकासाठी मी पावसावर ललित पाठवलं होतं. संपादकांचा प्रेमळ फोन आला, लेख चांगला आहे, पण तुमच्याकडून ईदच्या आठवणी मिळाल्या तर वाचकांना जास्त आवडेल. पाऊस आमच्या मोहल्ल्यातही पडतो, असं म्हणायचं सुचलं ते फोन ठेवल्यावर. शेवटी ईदवर लिहिलं. छापून आलं, मानधनही मिळालं. ‘तुमचं मराठी किती स्वच्छ आहे हो’ असं पत्रही एकाने पाठवलं. ज्या भाषेत माझी आजी अंगाईही म्हणायची आणि शिव्याही द्यायची, तिच्याबद्दल. राग कुणावर काढणार? सगळे प्रेमानेच बोलतात. पण या प्रेमात एक अट असते, की तुम्ही तुमच्या चौकटीतून बोला. शेरवानी, शीरखुर्मा, आणि प्रश्न. पाऊस, क्रिकेट, स्पॅनिश गाणी हे विषय दुसऱ्यांसाठी राखीव.

आणि खरं सांगायचं तर मीही हेच करतो. भाचीला मी म्हणालो होतो, ‘तुला कव्वाली आवडत नाही का गं?’ तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्या संपादकांकडे फोनवर पाहू शकलो नव्हतो.

ज्यांनी तो ताल बनवला त्यांचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. स्टीली २००९ मध्ये वारला. क्लीव्ही आणि स्टीलीच्या वारसांनी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला. ‘फिश मार्केट’चा ताल विनापरवाना वापरला म्हणून त्यात आता शंभराहून जास्त कलाकार आणि कंपन्या प्रतिवादी आहेत, गाण्यांची संख्या अठराशेच्या वर जाते. २०२४ च्या मे महिन्यात न्यायाधीशांनी दावा फेटाळायला नकार दिला. रेगेटॉनवाले घाबरले आहेत, उद्या ताल कुणाच्या मालकीचा ठरला तर नवीन पोरांनी काय वाजवायचं? भीती अगदी रास्त आहे. पण तीस वर्षं जग ज्या ठेक्यावर नाचलं तो बनवणाऱ्यांची नावं बहुतेकांना पहिल्यांदा ऐकू आली ती कोर्टाच्या कागदांवरून, हेही तितकंच खरं.

भाचीला मी ‘फिश मार्केट’ शोधून ऐकवलं. तिने सगळं ऐकलं, मग म्हणाली, ‘मामू, याच्यात तर गाणारं कुणीच नाही.’ मी म्हटलं, ‘नाही, नुसता ताल आहे.’ तिने पुन्हा सुरुवातीपासून लावलं.